वीतभर आखूड पडदा

नव्या नाट्यगृहाच्या पहिल्या मोसमाचा विषय निघाला की गावातली जुनी माणसं खुर्चीत सावरून बसतात, आणि मग त्यांना एकही नाटक धड आठवत नाही. कुणी म्हणतं पहिलं नाटक राजाराणीचं होतं, कुणी म्हणतं कोर्टाचं. नट कोण, नटी कोण, कशाचाच पत्ता नाही. पडदा आखूड होता, हे मात्र सगळ्यांना आठवतं. पडद्याखालून पाय दिसायचे हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात. एवढी इमारत उभी केली, एवढ्या तालमी झाल्या, आणि लोकांनी जन्मभर लक्षात ठेवले ते पाय. आपल्या गावाच्या रसिकतेबद्दल आणखी काही बोलायची गरज नाही.

तो पडदा शिवला होता बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांनी. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि चेहऱ्यावर कुठून तरी वास येत असल्यासारखा भाव. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मास्तर आधी त्याच्या अंगातल्या सदऱ्याकडे बघायचे, मग विचारायचे, हा कुणी शिवलाय. उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. वकिलाचा एक खांदा उतरलेला आहे, डॉक्टर पोट आत ओढून माप देतो, हेडमास्तरांच्या विजारीत काही केल्या रुबाब भरत नाही, हे त्यांना पाठ होतं. सगळ्या गावाची मापं त्यांच्याकडे होती, त्यामुळे गावाबद्दल आदर वाटावा असं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

दुकानात माणसं तीन. मास्तर कापायचे. त्यांची बायको काजं, बटणं आणि तुरपाई करायची. मशीनवर बसायचा मास्तरांचा धाकटा भाऊ. आईवडील गेले तेव्हा हा एवढासा होता, मशीनच्या पॅडलपर्यंत त्याचे पाय पोचत नव्हते. मास्तर जमिनीवर बसून त्याचा उजवा पाय हातात धरायचे आणि पॅडलवर ठेवून दाबायचे. टाच, चवडा. टाच, चवडा. आयुष्यात मास्तरांनी चिडचिड न करता केलेलं काम तेवढं एकच.

नाट्यगृह बांधलं सिमेंटवाल्याने. गावात सिमेंटचं दुकान त्याचंच, त्यामुळे कलेवरच्या प्रेमाला मालाची कमतरता पडली नाही. पायऱ्या सिमेंटच्या, बाकं सिमेंटची, दारातल्या कुंड्या सिमेंटच्या. कुंडीतलं झाड तेवढं त्याला सिमेंटचं करता आलं नाही, म्हणून ते मेलं. पडद्याची लोखंडी दांडीसुद्धा त्याने दोन्ही बाजूंना भिंतीत गाडून वर भरपूर सिमेंट थापलं. आता ही हलणार नाही, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. ती खरोखरच हलली नाही, आणि पुढचा सगळा तमाशा तिथूनच सुरू झाला.

दर्शनी पडद्यासाठी गडद लाल मखमल आली. मास्तरांनी दांडीपासून रंगमंचापर्यंत माप घेतलं आणि त्याहून वीतभर आखूड पडदा बेतला. ही चूक नव्हती, ही विद्या होती. जड कापड टांगलं की स्वतःच्या वजनाने उतरतं, लांब होतं, असं त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. आज पूर्ण मापाचा शिवलास तर महिन्याभरात जमीन झाडत बसेल, असं उस्ताद म्हणायचे. बायको म्हणाली, उतरेल तेव्हा उतरेल, पण जास्तीचं कापड कापू नका. आत माया राहू द्या, दुमडून ठेवू, लागली तर सोडता येईल. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती परत काजं करायला बसली. माया ठेवायची ती हात थरथरणाऱ्या शिंप्याने, असं त्यांचं मत होतं. त्यांनी कात्री चालवली. कापलेल्या पट्ट्यांतून बायकोने गिऱ्हाइकांच्या स्टुलाला गादी करून टाकली.

पडदा टांगायला धाकटा गेला आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं. शिडीवर उभं राहून त्याने खालच्या रिकाम्या बाकांना हाक मारली, ती म्हणे शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेली. नाटकमंडळींपैकी कुणीतरी वा म्हटलं. एवढ्याशा गोष्टीवर माणसं आयुष्य उधळतात. घरी येऊन त्याने सांगितलं, दादा, मी नाटकात जातो, दुकानात अर्धा दिवस येईन. मास्तर म्हणाले, अर्धा शिंपी मला नको. पूर्ण सोंगाड्या हो. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहायचे, एका ओळीत जेवायला बसायचे, पण बोलणं बायकोमार्फत. त्याला सांग, दिवा मालव. त्याला सांग, सदऱ्याची कॉलर फाटली आहे, लोकांना वाटेल ह्याला घरी कुणी शिवणारं नाही. धाकटा तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. बायको मान खाली घालून वाढत राहायची आणि निरोप काही पोचवायची नाही, कारण ते पोचलेलेच असायचे.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली. ती कुणी केली आणि का केली, हे विचारू नये. मग दिवे मालवले, पडद्यामागे उजेड झाला, आणि पडद्याखाली वीतभर उजेडाची पट्टी दिसू लागली. त्या पट्टीत आधी नायकाच्या मोजड्या आल्या. त्या मध्यभागी उभ्या राहिल्या. मग नायिकेच्या चपला आल्या आणि त्याही मध्यभागीच उभ्या राहू पाहू लागल्या. मोजडीने चपलेला ढकललं. चपलेने मोजडीवर पाय दिला. प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नायकाला वाटलं आपल्या नावाला टाळ्या पडताहेत, आणि पडदा उघडला तेव्हा तो हात जोडून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सिमेंटवाला दुकानात आला. दांडी खाली घेता येत नव्हती, ती गाडणारा तो स्वतःच होता. त्याने विचारलं, खालून एखादी पट्टी जोडता येईल का? मास्तर म्हणाले, "ठिगळ मी लावत नाही. मखमल आहे ती, उतरेल."

"कधी उतरेल?"

"तुम्ही सिमेंट विकता ना? ते ओतल्याबरोबर त्यावर नाचता का?"

सिमेंटवाल्याने दुसऱ्या शिंप्याचं नाव काढून पाहिलं. मास्तर एवढंच म्हणाले, की माझ्या पडद्याला परकी सुई लागली तर तुमच्या घरच्या लग्नाचे कपडे माझ्याकडे अर्धवट बेतलेले पडून आहेत, ते तसेच घेऊन जा. सिमेंटवाला त्याच मखमली स्टुलावर बसून हे ऐकत होता. तो उठून गेला.

मग मास्तर रोज नाट्यगृहात जाऊ लागले. नाटक बघायला नव्हे, पडदा किती उतरला ते बघायला. पहिल्या रांगेत कडेला बसायचे, पुढे वाकून खालची कड न्याहाळायचे, आणि एकदा आलोच आहोत म्हणून नाटकही सोसायचे. अशा रीतीने नाटकाचा जगात सगळ्यात जास्त तिटकारा असलेल्या माणसाने त्या मोसमातलं प्रत्येक नाटक पाहिलं. राजा पाहिला, त्याचा अंगरखा पाठीत ओढत होता. विधवा पाहिली, ती रडताना पदर सांभाळण्यातच गुंतलेली होती. क्रांतिकारक पाहिला, त्याच्या पँटला घडी होती. संवाद काय होते ते मास्तरांना सांगता आलं नसतं, पण बाह्या कुणाकुणाच्या चुकल्या होत्या ते सगळं सांगता आलं असतं.

पडदा उतरत नव्हता. लोकांना मात्र पायांची चटक लागली. मध्यंतरात चहाला गेलेली माणसं कप अर्धे टाकून परत यायची, कारण पडद्याखाली जे चालायचं ते पडदा उघडल्यावरच्यापेक्षा बरं असायचं. कुणाचे पाय कुणाचे, यावर पैजा लागायच्या. एका मध्यंतरात खलनायकाचे बूट आणि नायिकेच्या चपला जरा जास्तच जवळ उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी खलनायकाची बायको माहेरी निघून गेली. नाट्यगृह रोज भरायचं. सिमेंटवाला सांगत फिरायचा की गावाची अभिरुची सुधारली. आणि बाजारात मास्तरांना नवं नाव मिळालं, आखूडमास्तर. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण मास्तर वळले की पाठीमागे कुणीतरी हातांनी वीत दाखवायचं, आणि मास्तरांना ते न बघताही कळायचं. चांगला कोट शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं आता मापाच्या वेळी सहज म्हणायची, मास्तर, जरा लांबच ठेवा. त्यांनी आयुष्यभर कमावलेली एकच गोष्ट होती, त्यांची कात्री चुकत नाही ही. ती गावाने वीतभर उजेडात टाकून दिली होती. ते आतून जळत होते आणि वरून म्हणत होते, उतरेल.

मोसमातलं शेवटचं नाटक लागलं, त्यात धाकट्याला काम मिळालं. नोकराचं. हातात तबक, एक वाक्य. पण पडदा उघडतो तेव्हा मध्यभागी तोच एकटा उभा.

त्या आठवड्यात एका दुपारी तो दुकानात आला. कित्येक महिन्यांनी त्याने मास्तरांशी सरळ बोलायला तोंड उघडलं.

"दादा, पडद्याला पट्टी लाव ना."

मास्तरांनी कापडावरून नजर उचलली नाही. "सिमेंटवाल्याने पाठवलं?"

"नाही. मीच आलोय. तिसरी घंटा होईपर्यंत मला तिथे उभं राहायचंय. आणि माझा पाय…"

"उतरेल," मास्तर म्हणाले, आणि बायकोकडे वळून, "त्याला सांग, उजेडाच्या आड उभा आहेस."

धाकटा उजेडातून बाजूला झाला. त्याची नजर त्या स्टुलाच्या लाल गादीवर गेली. मग तो गेला.

त्या प्रयोगाला मास्तर नेहमीच्या जागी बसले. बायको शेजारी. पहिली घंटा झाली. पडद्याखाली धाकट्याचे पाय आले आणि मध्यभागी थांबले. नोकराच्या कामासाठी अनवाणी. ते पाय मास्तरांनी वाढताना पाहिले होते, गर्दीतही ओळखले असते. दुसरी घंटा झाली, आणि उजवा पाय हलू लागला. टाच, चवडा. टाच, चवडा. आधी हळू, मग भराभर, एखादी लांब शिवण एका दमात मारायची असावी तसा.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मशीन सुरू झालं." सगळं प्रेक्षागृह फुटलं. कुणी तोंडाने मशीनचा आवाज काढला. मास्तरांची मान ताठ झाली. त्यांनी त्या पायाकडे तिरस्काराने बघायचा प्रयत्न केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना जमेना. बायकोने त्यांच्या बाहीला धरलं. तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला.

धाकटा पांढराफटक उभा होता. पाय चालूच होता. लोक हसायचे थांबेनात. नायक आत आला, पोट पुढे करून थांबला आणि ह्या नोकराला आता खाऊन टाकीन अशा नजरेने बघू लागला. धाकट्याला नुसतं म्हणायचं होतं, साहेब, पाहुणे आलेत. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मग त्याने तबकावरचा रुमाल उचलला. कपाळाला आठ्या घातल्या, खालचा ओठ बाहेर काढला, डोळे बारीक केले, आणि तो रुमाल हवेतल्या सुईखाली सरकवू लागला. पाय चालत होताच. शिवण संपली, तसा त्याने दोरा दातांनी तोडला, रुमाल उजेडात धरून तुच्छतेने पाहिला, आणि नायकाच्या हातात दिला.

"साहेब, पाहुणे आलेत," तो म्हणाला. "आखूड झालाय. उतरेल."

त्यानंतर कितीतरी वेळ कुणाला काही ऐकू आलं नाही. लोक बाकांवर उभे राहिले. नायक रुमाल धरून तसाच उभा, आणि त्याच्या जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या आठ्या, तो ओठ, ते दातांनी दोरा तोडणं, कुणाचं आहे हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाने त्या ओठापुढे हात वर करून माप दिलं होतं. पहिल्या रांगेतली मंडळी वळून मास्तरांकडे बघत हसली. मास्तर उठले आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर गेले. बायको मागे थांबली, तिने नाटक शेवटपर्यंत पाहिलं. ही गोष्ट मास्तर तिला पुढे बरीच वर्षं ऐकवत राहिले.

धाकटा एका रात्रीत मोठा झाला. आपल्या गावात मोठं व्हायला तेवढं पुरतं. लोक रस्त्यात त्याला थांबवून पाय चालवायला सांगायचे. घरात आता बायकोमार्फतही बोलणं उरलं नाही. मास्तर भिंतीकडे तोंड करून जेवायचे. पोसला, शिकवला, आणि ह्याने मला चारचौघांत नागवा केला, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहायचं. भावाने थोबाडीत मारली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं. हे सोडून द्यावं असं त्यांना कुठून वाटणार?

मोसम संपला. नाट्यगृहाला कुलूप लागलं, पडदा आत मिटून टांगलेला राहिला. पावसाळी हवा आली, दमट झाली, गेली. दुसऱ्या मोसमासाठी सिमेंटवाल्याने कुलूप काढलं आणि धावत मास्तरांचं दुकान गाठलं. पडदा उतरला होता. चांगला वीतभर, रंगमंचाला टेकला होता.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुसऱ्या माणसाच्या बाबतीत हसू म्हणता आलं असतं. "मी काय म्हणालो होतो?"

"हो, हो, तुमचं खरं झालं," सिमेंटवाला म्हणाला. "पण आता तो आखूड करून द्या."

मास्तरांना आधी कळलंच नाही. सिमेंटवाल्याने समजावून सांगितलं. लोक पायांसाठी येतात. धाकट्याचा पाय दिसला नाही तर पहिल्याच दिवशी बाकं रिकामी पडतील. होता तेवढा, वीतभर, पुन्हा आखूड. मास्तर त्याला हाकलून देणार होते. पण बायकोने सुया, टाचण्या आणि दोरा पिशवीत भरून पिशवी त्यांच्या हातात दिली. म्हणाली, जा. तुमच्या पडद्याला परकी सुई नको ना?

ते भर दुपारी गेले. नाट्यगृह रिकामं होतं. मापासाठी पडद्यामागे कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि सिमेंटवाल्याने, तो मूर्ख असला तरी, त्यासाठी धाकट्याला बोलावून ठेवलं होतं. मास्तर आत गेले, गुडघ्यांवर बसले, तोंडात टाचण्या धरल्या आणि पडद्याची कड उचलून दुमडू लागले. धाकटा मध्यभागी येऊन उभा राहिला. त्याचे अनवाणी पाय मास्तरांच्या नाकासमोर होते. थोड्या वेळाने उजवा पाय हलू लागला.

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "रिकामी बाकं आहेत. नक्कल कुणाला दाखवतोस?"

"नक्कल नाही ती, दादा. इथे उभं राहिलं की होतंच. पहिल्या दिवसापासून."

"आणि ते ओठ काढणं? दोरा तोडणं?"

"वाक्य आठवेना. काही सुचेना. तू डोळ्यांसमोर आलास." धाकटा वरून म्हणाला. "दुसरं काही येतच नव्हतं मला."

पाय चालत होता.

"अजून भीती वाटते?"

"रोज."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"आलो होतो की. दुकानात. तू म्हणालास, उतरेल."

मास्तरांनी टाचण्या परत तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही, हा शिंप्याच्या धंद्यातला मोठा फायदा आहे. ते कड दुमडत राहिले. मग एकदा, जमिनीवर तसंच बसून, त्यांनी तो पाय घोट्याशी धरला. पाय थांबला. सोडला, तसा परत चालू लागला.

सिमेंटवाला विंगेत येऊन म्हणाला, दुमडत काय बसलात, कापून मोकळे व्हा की. मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कापायला अक्कल लागत नाही." त्यांनी सगळं कापड आत ठेवलं, सगळीच्या सगळी माया, आणि लांब लांब टाके घातले, एकाच अखंड दोऱ्याने, मध्ये कुठेही गाठ न मारता. शेवटचं टोक त्यांनी पडद्याच्या मागच्या बाजूला, धाकट्याच्या उभं राहण्याच्या जागी, हाताला येईल एवढं वर घेऊन मोकळं सोडलं.

"हे टोक बघून ठेव," ते उठताना म्हणाले. "ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी ओढ. पडदा खाली येईल."

धाकट्याने ते टोक कधी ओढलं नाही. त्याची सगळी कारकीर्द त्या पायावर उभी राहिली आणि गाव हसत राहिलं. लोकांना अजूनही वाटतं ती त्याची कला होती, आणि वाटू दे, त्यांना वाटून वाटून एवढंच वाटणार. पण एकदा प्रयोगाच्या आधी बायको विंगेत उभी होती. तिने पाहिलं की दुसऱ्या घंटेला धाकट्याचा हात पडद्याच्या मागच्या बाजूकडे गेला, त्याने ते टोक चाचपलं, ते आहे ह्याची खात्री केली, आणि मग तो सरळ उभा राहिला. तिने घरी येऊन जेवताना ते सांगितलं. धाकटा समोरच बसला होता.

मास्तरांनी घास गिळला. "त्याला सांग," ते म्हणाले, "हात धुऊन धरत जा म्हणावं. दोरा पांढरा आहे."